वस्तरा ओढतोय? धार सगळ्यात शेवटी बघा

आमच्या टूलरूममध्ये एक शिस्त होती. जॉबचं, म्हणजे घडवत असलेल्या भागाचं, माप चुकलं की लगेच मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही. आधी मायक्रोमीटरचा झीरो बघायचा, मग जॉब पुसून पुन्हा मोजायचा, मग जॉब पकडणाऱ्या व्हाइसमध्ये चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकलाय का ते पाहायचं. एवढं करूनही काही बदलावं लागलंच तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि माप जुळलं, तरी ते कशामुळे जुळलं हे कळत नाही. उद्या पुन्हा चुकलं की आपण परत पहिल्या पायरीवर. भोसरीच्या एमआयडीसीत २६ वर्षं टूल ग्राइंडिंग करताना ही शिस्त माझ्या अंगात भिनली होती. आरशासमोर वस्तरा हातात घेतल्यावर मात्र मी ती विसरलो आणि एका चांगल्या वस्तऱ्याचं नुकसान करून बसलो.

तो वस्तरा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आबा वाई तालुक्यातल्या आमच्या गावचे वारीक, म्हणजे न्हावी. चावडीसमोरच्या पिंपळाखाली धोपटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, सोडून बसायचे आणि वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्यात घ्यायचे. वस्तरा जर्मन, शेपटाजवळ ‘सोलिंगन’ असा ठसा, पातं पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर रुंद. मी त्यानेच दाढी करतो.

२०१९ च्या सप्टेंबरात आम्ही भोसरीतल्या जुन्या खोलीतून मोशीला सोसायटीत राहायला गेलो. पहिल्याच रविवारी वस्तरा ओढायला लागला. गालावरून सरकायचं सोडून अडखळत चालला, एकेक केस मुळातून उपटल्यासारखा. मला वाटलं धार गेली. ८००० नंबरच्या स्टोनवर, म्हणजे धार लावायच्या बारीक दगडावर, घेतली (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). पुढच्या रविवारी तेच. पुन्हा ८०००, मग १२०००, मग वस्तरा ज्यावर मारतात त्या चामड्याच्या पट्ट्याला धारेची हिरवी पेस्ट. असे चार रविवार गेले. दिवाळीला गावी गेलो, तिथे तोच वस्तरा, तोच ब्रश, तोच साबण, पाणी फक्त नळाला येणारं कृष्णेचं. दाढी पहिल्यासारखी अलगद झाली. मोशीला आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी यायचं, आणि त्या जड पाण्यात साबण फेसच धरत नव्हता. धारेचा कसलाही दोष नसताना मी आबांचा वस्तरा महिनाभर झिजवला. पोलाद परत भरून येत नाही, त्यामुळे याचं वाईट मला आजही वाटतं.

तेव्हापासून कुणी दाढी नीट होत नाही म्हणून वस्तरा घेऊन आलं की मी वस्तरा बाजूला ठेवतो आणि आधी बाकीचं विचारतो. तोच क्रम इथे देतोय.

आधी चेहरा काय सांगतो ते बघा

दाढी झाली की गार पाण्याने तोंड धुवा, तुरटीचा खडा ओला करून सगळ्या चेहऱ्यावर फिरवा आणि तीस मोजा. आपल्याकडे तुरटी रक्त थांबवायला वापरतात, पण तिचा खरा उपयोग तपासणीचा आहे. जिथे वस्तऱ्याने कातडीचा वरचा पापुद्रा खरवडला असेल, तिथे ती झोंबते. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी तुरटीला कळतं.

सगळीकडे सारखीच झोंबली तर कारण सगळीकडे सारखं आहे: पाणी, फेस नाहीतर धार. नुसत्या मानेवर झोंबली तर केसांची दिशा आणि तुमचा कोन बघा. एकाच गालावर झोंबली तर तो हात. उजव्या हाताने करणाऱ्यांचा बहुतेक वेळा डावा गाल सोलतो, कारण तिथे हात तोंडासमोरून आडवा न्यावा लागतो आणि वस्तऱ्याची पाठ आपोआप वर उठते. हनुवटीवर झोंबली तर कातडी ताणलेली नव्हती आणि ते भरून काढायला तुम्ही दाब दिलात.

त्रास कधी सुरू झाला हेही महत्त्वाचं आहे. पहिल्या फटक्यापासून ओढत असेल तर एक गोष्ट, पहिला गाल छान होऊन दुसऱ्या गालाला ओढायला लागला तर वेगळीच. दुसऱ्या प्रकारात दहापैकी आठ वेळा फेस वाळलेला असतो. डोक्यावर पंखा चालू असतो आणि आपण तो विसरलेलो असतो.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवतो. मान झोंबली तर ‘मा’, हनुवटी ‘ह’, ओढलं तर ‘ओ’. काही बदल केला असेल तर तोही, एका शब्दात: ‘पाणी’, ‘पट्टा’, ‘साबण’. महिन्याभरात चौकटी वाचल्या की आजार समोर दिसतो.

आणि एक सोपी चाचणी आहे, ती मी सगळ्यांना पहिल्यांदा करायला लावतो. तेच पाणी, तोच साबण, तोच ब्रश घ्या, आणि वस्तऱ्याऐवजी साध्या रेझरला नवं कोरं ब्लेड लावून दाढी करा. तरीही ओढलं, तरीही आग झाली, तर तुमच्या वस्तऱ्यावर आरोप करायचं कारण नाही. नव्या ब्लेडने छान झाली तरच पुढे हात, पट्टा आणि धार यांकडे वळा.

पाणी आणि फेस

पाण्यावर संशय असेल तर एक तांब्या आरओचं पाणी घ्या. तोंड ओलं करायला, ब्रश भिजवायला, फेस करायला, सगळ्याला तेच. एका दाढीत उत्तर मिळतं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण बांधला जातो आणि त्याचा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर बसतो तोच तुमच्या गालावर बसलेला असतो. वस्तरा त्यावर घसरत नाही, घासत जातो. उपाय दोनच: दाढीपुरतं आरओचं पाणी वापरायचं किंवा ब्रशवर नेहमीच्या दुप्पट साबण घ्यायचा. पिण्याचं पाणी दाढीला वापरायचं म्हणून घरात कुरकूर होईल, पण लागतं अर्धा लिटरच.

फेस कसा असावा हे सांगायला मला श्रीखंडाचीच उपमा सुचते. पातळसर श्रीखंड. ब्रश उचलला की टोक उभं राहावं आणि शेंडा जरासा वाकावा. बुडबुडे दिसत असतील तर त्यात हवा जास्त आणि पाणी कमी आहे. असा फेस दिसायला भरपूर, पण वस्तऱ्याखाली काहीच नसतं. ब्रशचं टोक पाण्यात बुडवून थेंब थेंब पाणी देत वाटीत मिनिट-दीड मिनिट फिरवा, बुडबुडे जातात आणि चमक येते. चमक आली की थांबा.

त्याआधी केस भिजले पाहिजेत, आणि इथे बहुतेकजण घाई करतात. आबांकडे साबण नसायचा. पितळी वाटीत पाणी आणि त्यांची बोटं. माणूस उकिडवा बसायचा, आबा त्याच्यासमोर उकिडवे. मग गाल, हनुवटी, मिशीच्या कडा, कानाखालचा भाग, सगळीकडे बोटांच्या टोकांनी गोल गोल पाणी जिरवत राहायचे. मधूनच वाटीत बोटं बुडवायचे, पुन्हा चोळायचे. गावातल्या बातम्या तेवढ्या वेळात सांगून व्हायच्या. मला लहानपणी वाटायचं आबा वेळ काढताहेत. आता कळतं, साबणाशिवाय नुसत्या पाण्यावर राठ दाढी काढायची तर ते चोळणं हीच निम्मी दाढी होती.

केस मऊ असतो, पोलाद कडक असतं, मग धार बोथट का होते? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढीची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केस पोलादापेक्षा पन्नासेक पटीने मऊ, तरी पातं तिरकं येऊन केस वाकला आणि नेमकी तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक कपरा उडतो. मी यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं की केस भिजलेला हवा आणि वाकायला मोकळा नको. म्हणजे निदान तीन मिनिटं कोमट पाणी, वरून घट्ट फेस, आणि ताणलेली कातडी. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर पहिलं काम आपोआप होतं.

कोन, दाब आणि रिकामा हात

गालाशी वस्तऱ्याचा कोन साधारण ३० अंशांचा असावा असं सगळे सांगतात, पण आरशात ३० अंश कुणाला मोजता येतात? मी हिशोब करून पाहिला. १६ मिलिमीटरचं पातं ३० अंशात धरलं की पाठ गालापासून साडेपाच-सहा मिलिमीटर वर राहते, आणि पाठीची जाडी असते साडेचार-पाच. म्हणजे पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त फट ठेवा. त्याहून उठली तर वस्तरा खरवडतो आणि आग होते. अगदीच टेकली तर केसांवरून घसरतो आणि ओढतो. रुंद पात्याला फट थोडी जास्त, अरुंदाला थोडी कमी.

दाब द्यायचाच नाही. वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे, ते पुरतं. दाब द्यावासा वाटला तर थांबा, कारण त्याचा अर्थ आधीचं काहीतरी चुकलंय. जिथे नेट लावून काढायला जातो तिथेच कापतं.

कानाचाही उपयोग करा. पातळ, पोकळ घडणीचं पातं केस कापताना बारीक खरखर आवाज करतं. आवाज एकसारखा असेल तर कोन बरोबर. मध्येच आवाज बंद पडला तर पाठ टेकली, जाड आणि खरवडल्यासारखा झाला तर पाठ उठली. दाढी करताना रेडिओ बंद ठेवायचं माझं कारण हेच आहे.

आता रिकामा हात. खरं सांगायचं तर दाढीतलं अधिक कौशल्य त्याचंच. गालाला वरून, कानाजवळून ताण द्यायचा. जबड्याखालची कातडी जबड्याच्या हाडावर ओढून घ्यायची, म्हणजे वस्तरा सपाटीवर चालतो. कंठमण्यावर तर सरळ वस्तरा चालवूच नये. कातडी बाजूला ओढायची, उंचवट्यावरून सरकवून सपाट जागी आणायची आणि तिथे काढायची. फेसाने बोटं घसरतात, तेव्हा तुरटीच्या खड्यावर बोटं एकदा घासून घ्या. पकड लगेच येते. मी खडा बेसिनच्या कडेलाच ठेवतो.

मान नेहमी बिघडते ती केसांच्या दिशेमुळे. गालावर केस खाली वाढतात म्हणून मानेवरही खालीच वाढत असतील असं आपण धरून चालतो. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि कापसाचा बोळा कोरड्या मानेवरून चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने कापूस अडकतो, ती उलटी. माझ्या मानेवर डाव्या बाजूला जबड्याखाली चक्क भोवरा आहे. तिथे मी वस्तरा आडवा, कानाकडून गळ्याकडे नेतो. हे कळेपर्यंत प्रत्येक दाढीनंतर तिथे लाल पुरळ यायचं. केस कुरळे असतील आणि आत वळून फोड येत असतील, तर केसांच्या उलट दिशेने काढणं सोडूनच द्या. आणि नव्या माणसाने पहिले दोन महिने एकदा सुलटी, एकदा आडवी एवढंच करावं. थोडे खुंट राहिले तर राहू द्यावेत.

कापलं असेल तर कसं कापलं ते बघा. बारीक टिंब असेल तर वस्तऱ्याचं टोक रुतलंय, बहुधा कानाजवळ किंवा नाकाखाली. लांब, सरळ रेघ असेल तर वस्तरा धारेच्या दिशेने आडवा सरकला. सुरी भाजीवर चालवतो तशी ती हालचाल गालावर कधीही होता कामा नये. आणि वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. पातं मोडलं तर दुसरं मिळेल.

पट्टा

माझा पुतण्या वर्षभरापूर्वी वस्तरा घेऊन आला. “काका, धार चार दिवसपण टिकत नाही. स्टोनवर लावून द्या.”

“आधी पट्टा आण,” मी म्हटलं.

पट्टा बघितला आणि सगळं कळलं. वरच्या कडीपासून दोन इंचांवर चंद्रकोरीसारखे चार-पाच काप. चामडं हाताला तेलकट आणि पोचट. त्याला सांगितलं, माझ्यासमोर वस्तरा मार. त्याने पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, सैल धरला आणि सिनेमात दाखवतात तसा सपासप मारायला लागला. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी पाठ उचलून वस्तरा धारेवरून उलटवत होता. सैल पट्टा धारेला विळखा घालतो. धार चामड्यात बुडते आणि दर फेऱ्याला थोडी थोडी गोल होते. शेवटी पाठ उचलली की उरलीसुरली धार वळते. म्हणजे दाढीने धार जात नव्हती, दाढीच्या आधी पट्ट्यावरच जात होती.

बरोबर पद्धत अशी. पट्टा ताठ ओढा, पण हाताला रग लागेल इतका नाही. वस्तरा सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पाठ पुढे आणि धार मागे असा न्या. टोकाला पोचल्यावर आधी थांबा, मग पाठीवरून उलटवा. पाठ पट्ट्यावरून उठतच नाही, बिजागरीसारखी फिरते. तशीच परत या. पातं पट्ट्याच्या रुंदीपेक्षा लांब असेल तर थोडं तिरकं न्या, म्हणजे टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत सगळी धार लागते. पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर २० ते ३० फेरे, चामड्यावर ५० ते ६०. सुरुवातीला इतके सावकाश करा की प्रत्येक फेऱ्याला श्वास घेता येईल. वेग नंतर आपोआप येतो आणि नाही आला तरी दाढीत फरक पडत नाही.

चामड्याला खोबरेल लावू नका. पुतण्याने तेच केलं होतं, मऊ करायला म्हणून. तेल जास्त झालं की चामडं फुगतं आणि धारेला घर करून देतं. रोज वस्तरा मारायच्या आधी तळहाताने पट्टा वरपासून खालपर्यंत जोरात चोळा. हाताच्या ऊबेने आणि घामाच्या अंशाने तो जितका लागतो तितका ओला राहतो. बारीक काप असतील तर त्यांची उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने बसवता येते. खोल असतील तर पट्टा बदला. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावायची असेल तर वेगळ्या पट्टीवर लावा. रोजच्या पट्ट्याला ती एकदा लागली की कायमची लागली.

पुतण्याचा वस्तरा मी स्टोनवर घेतला नाही. नवा पट्टा आणवला, फेरे कसे मारायचे ते दाखवलं आणि पेस्टवर दहा हलके फेरे दिले. अजून तीच धार चालू आहे.

मग धार

इतकं सगळं तपासून झालं आणि तरी ओढतंय, तर आता धार बघा. केस हवेत धरून तोडायची चाचणी लोकांना फार आवडते, पण केसागणिक तिचं उत्तर बदलतं. मी टूलरूमची पद्धत वापरतो. ट्यूबलाइटखाली किंवा टेबललॅम्पखाली वस्तरा असा धरा की धार सरळ डोळ्यांकडे येईल, आणि तो हळूहळू पुढे-मागे कलता करा. चांगल्या धारेला चमक नसते, कारण प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. पांढरा ठिपका चमकला तर तिथे कपरा उडालाय. पांढरी रेघ चमकली तर तेवढा भाग बोथट. ती रेघ कुठे आहे ते ओढणाऱ्या जागेशी ताडून बघा. माझ्याकडे सोनाराचं भिंग आहे, पण निम्मं निदान नुसत्या डोळ्यांनी होतं.

धार बोथट दिसली म्हणून लगेच १००० च्या स्टोनवर जाऊ नका. आधी चामड्यावर १०० फेरे. मग पेस्टवर दहा. मग ८००० किंवा १२००० वर तीस-चाळीस फेरे, इथे धार पुढे आणि पाठ मागे, पट्ट्याच्या बरोबर उलट, आणि वजन फक्त पात्याचं. दर टप्प्यानंतर एक दाढी करून बघा. यातच बहुतेक वस्तरे परत येतात.

नाही आला तर मार्करची चाचणी. धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करची रेघ ओढा, स्टोनवर चार-पाच हलके फेरे मारा आणि भिंगाखाली बघा. शाई अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल तर स्टोन धारेपर्यंत पोचतोय. कडेला शाईची बारीक रेघ उरली तर पोचत नाही. तुम्ही नुसता उताराचा खांदा घासत बसलायत, आणि मग बारा हजार काय नि वीस हजार काय, उपयोग शून्य. अशा वेळी १००० वर उतरावंच लागतं आणि उतार नव्याने बसवावा लागतो. पाठीला इन्सुलेशन टेपचा एक थर लावला तर पाठ झिजत नाही, पण १६ मिलिमीटरच्या पात्याला त्याने कोन साधारण एक अंशाने वाढतो, म्हणून एकदा टेपने लावली की पुढेही टेपनेच लावा. टेप बदलायची विसरलात तर मार्करची शाई कडेला उरलेली दिसेलच.

स्टोन सपाट नसेल तर सगळं फुकट. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून पाण्यात घासा. सगळ्या रेघा एकाच वेळी गेल्या तर सपाट. मधल्या राहिल्या तर स्टोन बसलाय, सगळ्या जाईपर्यंत घासा.

दोन तक्रारी वेगळ्या ओळखा. पहिली दाढी सुंदर, तिसरीला धार गायब, असं असेल तर धारेवर बर राहिलेली असते. लेथवर काम केलेल्यांना बर सांगावी लागत नाही, कापलेल्या कडेला उभी राहणारी पातळ कोर. ती पहिल्यांदा ब्लेडसारखी कापते आणि मग मोडून पडते. ८००० वर अगदी हलके, एकाआड एक बाजूचे फेरे मारून ती काढायची. दुसरी तक्रार, दाढी गुळगुळीत होते पण दिवसभर गाल जळतो. तिथे धार कमी नाही, जास्त राकट आहे, आणि बहुतेक वेळा पेस्ट जास्त झालेली असते. नुसत्या चामड्यावर रोज मारत राहा, तीन-चार दाढ्यांत निवळते.

दोष पात्यातच असेल तर

काचेवर वस्तरा आडवा ठेवा. डुगडुगला तर पातं वाकडं आहे. धार स्टीलच्या पट्टीला लावून उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसली तर धार आत गेलीय, आणि मधला भाग गालाला लागणारच नाही. टोकाशी आणि टाचेशी फट असेल तर चालतं, अनेक जुने वस्तरे मुद्दाम तसेच किंचित फुगीर असतात. आत गेलेली धार घरी सरळ करायला जाऊ नका.

मला खरी चीड येते ती ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या चकचकीत वस्तऱ्यांची. मी असे दोन तपासले. पोलाद इतकं मऊ की पट्ट्यावरच धार वळत होती. नवखा माणूस त्यावर सहा महिने कष्ट करतो, गाल सोलतो आणि शेवटी आपल्यालाच जमत नाही म्हणून सोडून देतो. ‘सोलिंगन’ हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. त्या शहराच्या परिसराबाहेर बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही, तरी खोटे ठसे बाजारात फिरतात. मी तर म्हणेन, जुन्या बाजारातला चांगला वस्तरा घ्या, गंज आणि फट तपासून. पहिली धार जाणत्या माणसाकडून लावून घ्या आणि निदान तीन महिने स्टोन विकतच घेऊ नका. चांगली धार कशी लागते हे गालाला माहीत नसेल तर तुम्ही लावलेली बरी की वाईट हे कशावरून ठरवणार?

सलूनमध्ये आता ब्लेड बदलायचे वस्तरे आहेत आणि ते योग्यच आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लावूच नये, घरात बापलेकांनीही नाही. पण त्या वस्तऱ्यावर हात बसलेले लोक आमच्या वस्तऱ्यावर येतात तेव्हा ओढतो म्हणतात. ब्लेड हलकं आणि अतितीक्ष्ण असतं, ते कसंही धरलं तरी केस काढतं. इथे पातं जड आहे, कोन आणि ताण दोन्ही नेमके लागतात. त्यांनी पंधरा दिवस फक्त गाल करावेत, बाकी दाढी जुन्याच पद्धतीने.

पावसाळा

जून ते सप्टेंबर धार दाढीने जात नाही तेवढी दमटपणाने जाते. जुन्या कार्बन स्टीलला गंज चढायला बाथरूममधली एक रात्र पुरते, आणि गंज पहिल्यांदा धारेवरच चढतो, कारण ती सगळ्यात पातळ. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. दाढीनंतर मऊ कापडाने पुसा, मुठीच्या फटीतलं पाणी काढा, पट्ट्यावर दहा फेरे मारून उरलेला ओलावा घालवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पात्यावर पसरा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. मी वस्तरा कपाटात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुढच्या दाढीच्या आधी तेल पूर्ण पुसायचं, नाहीतर ते पट्ट्यात जातं.

आठ दिवस सुट्टीवर गेलात आणि परत आल्यावर पहिल्याच दाढीला एकाच जागी ओढलं, तर भिंगाखाली ती जागा बघा. काळा ठिपका असेल तर गंजाने खड्डा पाडलाय. तो धारेपासून वर असेल तर फक्त पुसून तेल लावा, घासून काढायच्या नादात पातं पातळ करू नका. धारेवरच असेल तर खड्डा संपेपर्यंत स्टोनवर घ्यावंच लागेल. आबांच्या वस्तऱ्यावर टाचेजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा असा एक डाग आहे, धारेपासून दोन मिलिमीटर वर. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मी तो भिंगाखाली मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. गेल्या ऑक्टोबरातही दोनच भरला.